गाडी नेडुमुडीला पाठवा, आपण बोटीने जा

कोचीला उतरणारा मराठी प्रवासी बहुधा मुन्नार, तेक्कडी, अलेप्पी असा पाच-सहा दिवसांचा बेत ठरवूनच येतो. त्यात अलेप्पीच्या वाट्याला हाउसबोटीतली एक रात्र येते. पण ज्यांच्या हाताशी रात्र नाही, एकच मोकळा दिवस आहे, म्हणजे कोचीला कामासाठी किंवा कुणाच्या लग्नासाठी आलेले लोक, ते ‘एवढ्यात काय बघून होणार’ म्हणून अलेप्पीचं नाव काढून टाकतात. त्यांनी तसं करू नये. पंबा नदीच्या काठचं, कालव्यांनी विणलेलं एखादं गाव नीट पाहायचं असेल तर हाउसबोटीतल्या रात्रीपेक्षा ड्रायव्हरसह भाड्याची गाडी आणि एक छोटी होडी जास्त कामाची, असं माझं ठाम मत आहे.

याचं कारण साधं आहे. हाउसबोट अवाढव्य असते. रुंद पात्रात आणि वेंबनाड तलावात ती छान चालते, पण माणसं जिथे राहतात त्या अरुंद कालव्यांत तिला शिरता येत नाही. शिवाय मच्छीमारांची जाळी टाकायची वेळ झाली की, म्हणजे संध्याकाळी साडेपाच-सहाच्या सुमाराला, ती काठाला बांधून ठेवावी लागते. म्हणजे पैसे रात्रीचे आणि पाहणं दुपारचंच.

आधी कुठे जायचं ते सांगतो. पंबा, मणिमला, अच्चनकोविल आणि मीनच्चिल या नद्या वेंबनाडला मिळण्यापूर्वी ज्या सखल मुलखात पसरतात, तो कुट्टनाड. त्यात कैनकरी, नेडुमुडी आणि चंपक्कुलम ही पंबेच्या काठची गावं एका दिवसाच्या आवाक्यातली आहेत. मी कैनकरीकडे झुकतो. तिथे रस्ता गावाच्या काही भागापर्यंतच पोचतो. पुढे शाळा, दुकान, दवाखाना, सगळी ये-जा पाण्यावरून.

आता मुख्य युक्ती. बहुतेक लोक गाडीने अलेप्पीला जातात, तिथे तासाच्या हिशेबाने शिकारा घेतात, पुन्नमडा तलावात एक फेरी मारतात आणि जिथून निघाले तिथेच उतरतात. त्याऐवजी अलेप्पीच्या धक्क्यावर गाडीतून उतरा आणि ड्रायव्हरला गाडी घेऊन पुढे नेडुमुडीला जायला सांगा. तुम्ही राज्य जलवाहतूक खात्याची साधी प्रवासी बोट पकडून पाण्याने या. अलेप्पी-चंगनाश्शेरी रस्त्यावर, म्हणजे तिथल्या बोलीत ‘एसी रोड’वर, नेडुमुडी बारा-तेरा किलोमीटरवर आहे. गाडी अर्ध्या तासात पोचते, बोटीला तास-सव्वा तास लागतो. गाडी दुसऱ्या टोकाला उभी असल्यामुळे त्याच वाटेने परतायची गरज उरत नाही आणि दिवसातला वेळ वाचतो. ड्रायव्हरसह गाडी घेण्याचा खरा फायदा हाच आहे. स्वतः चालवत गेलात तर हे जमणार नाही.

गाडी ठरवताना काही गोष्टी फोनवरच स्पष्ट करून घ्या. पिवळ्या पाटीची, म्हणजे प्रवासी वाहतुकीचा परवाना असलेली गाडीच घ्या. कुणाच्या ओळखीतली पांढऱ्या पाटीची गाडी दोन-पाचशे रुपयांनी स्वस्त पडेल, पण ती भाड्याने चालवणं बेकायदा आहे आणि अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करू शकते. दुसरं, ‘आठ तास, ऐंशी किलोमीटर’ हा शहरातला ठराव या सहलीला पुरत नाही. एर्नाकुलमहून अलेप्पी साधारण ५५ किलोमीटर, म्हणजे जाऊन-येऊन आणि नेडुमुडीचा फेरा धरून दीडशेच्या घरात आकडा जातो. किलोमीटर गॅरेजपासून मोजणार की तुमच्या हॉटेलपासून, किमान किती किलोमीटरचे पैसे धरणार, ड्रायव्हरचा भत्ता, टोल आणि पार्किंग त्यात आहे की वर, रात्री किती वाजल्यापासून जादा आकार लागतो, हे सगळं विचारून मेसेजवर लिहून घ्या. कोचीच्या बायपासवर कुंबळमला टोलनाका आहे, तोही हिशेबात धरा. थेट नेडुंबाश्शेरी विमानतळावरून निघणार असाल तर अंतर एका बाजूचंच ८५ किलोमीटरच्या आसपास होतं.

नोव्हेंबरच्या मध्यापासून जानेवारीच्या मध्यापर्यंत शबरीमलेची यात्रा असते. आपल्याकडूनही अय्यप्पाचे भक्त मोठ्या संख्येने जातात. त्या काळात कोचीत चांगल्या गाड्या आधीच बोलून ठेवलेल्या असतात. नाताळचा आठवडा आणखी अवघड. तेव्हा गाडी निदान आठवडाभर आधी पक्की करा.

ड्रायव्हरबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण दिवस चांगला जाणं बरंचसं त्याच्यावर अवलंबून असतं. आदल्या रात्री तो मुन्नारचा घाट उतरून आला आहे का आणि त्याची झोप झाली आहे का, हे मोकळेपणाने विचारा. झाली नसेल तर दुसरा माणूस मागा. पुरुषांना ‘चेट्टा’ आणि बायकांना ‘चेची’ म्हणायची तिथे पद्धत आहे. दादा, ताई म्हणावं तितकं ते सहज आहे आणि त्याने बोलणं लगेच मोकळं होतं. हिंदी थोडीफार समजते, इंग्रजी शब्द त्याहून जास्त. मसाल्याची दुकानं, आयुर्वेदिक तेलांची दुकानं आणि ठरावीक शिकारे यांच्याकडून ड्रायव्हरला दलाली मिळण्याची पद्धत आहे. नको असेल तर सकाळीच हसून सांगून टाका की आज खरेदी नाही, फक्त गाव. तुम्ही बोटीत असताना त्याने जेवून घ्यावं, सावलीत गाडी लावून डोळा लावावा, हेही आपणहून सांगा. परतीचा रस्ता त्यालाच चालवायचा आहे.

निघायची वेळ सकाळी सहा. बसतानाच गाडीच्या किलोमीटरच्या आकड्याचा फोटो काढून ठेवा. कोचीहून अलेप्पीचा रस्ता म्हणजे आपल्या पनवेलहून निघून कोकणातून खाली येणारा तोच राष्ट्रीय महामार्ग ६६. इथेही त्याचं रुंदीकरण रेंगाळत चाललेलं आहे आणि अरूर ते तुरवूर या पट्ट्यात उन्नत मार्गाच्या बांधकामामुळे वाहतूक तुंबते. सहाला निघालात तर आठपर्यंत अलेप्पीत. साडेसातला निघालात तर काहीच सांगता येत नाही. मुंबईहून थेट येणाऱ्यांना आणखी एक सोय आहे. नेत्रावती एक्सप्रेस कोकण रेल्वेने येऊन अलेप्पीवरूनच तिरुवनंतपुरमला जाते. स्टेशनवर उतरून मुक्काम अलेप्पीत केला तर हा रस्ताच टळतो आणि गाडी फक्त दिवसापुरती, स्थानिक मिळते.

नाश्ता अलेप्पीत करा. पुट्टू आणि काळ्या चण्यांची कडला करी, किंवा आप्पम आणि स्ट्यू. पोट भरून घ्या आणि शौचालयही इथेच उरकून घ्या. छोट्या होडीत ती सोय नसते. ज्येष्ठ मंडळी आणि लहान मुलं बरोबर असली तर दिवसाची आखणी यावरच करावी लागते. गाडी आता तुमच्यापासून वेगळी होणार आहे, तेव्हा पैसे, औषधं, पाण्याच्या बाटल्या, छत्री आणि टोपी आपल्या पिशवीत घ्या. ड्रायव्हरचा नंबर बरोबरच्या दोघांच्या तरी फोनमध्ये असू द्या. भेटायची जागा नेमकी ठरवा: नेडुमुडीचा बोटीचा धक्का.

प्रवासी बोटीचं तिकीट बोटीतच कंडक्टर देतो आणि ते माणशी काही रुपयांचं असतं, म्हणून सुटे पैसे जवळ ठेवा. धक्क्यावर चौकशीच्या खिडकीशी दोन प्रश्न विचारा: नेडुमुडीची पुढची बोट किती वाजता, आणि ती कैनकरीला थांबते का. काही बोटी कावालमला, काही कोट्टयमला जातात; पाट्या मल्याळममध्ये असतात, त्यामुळे चढण्यापूर्वी गावाचं नाव उच्चारून खात्री करून घ्या. पर्यटकांसाठी खात्याच्या खास बोटीही निघतात. त्या आरामशीर आहेत, पण मी साध्या बोटीच्या बाजूचा. इथे शाळेचे गणवेश, बाजाराच्या पिशव्या आणि कामावर निघालेली माणसं असतात. पुन्नमडा ओलांडून बोट नदीच्या पात्रात शिरली की थोड्या थोड्या अंतरावर काठाला नाक लावते, दोघं उतरतात, चौघं चढतात आणि घंटी वाजते. खिडकीच्या बाजूच्या जागेसाठी दहा मिनिटं आधी जा. मधली वाट अडवून फोटो काढत उभे राहू नका. लोकांची ती रोजची बस आहे.

बोटीतून कैनकरीला उतरा. तिथे वल्ह्याची होडी आधी सांगून ठेवलेली बरी. गावातली काही कुटुंबं नाश्ता किंवा जेवणासह होडीची सफर देतात आणि धक्क्यावर घ्यायला येतात. अलेप्पीच्या धक्क्याजवळ जिल्हा पर्यटन परिषदेचं कार्यालय आहे, तिथेही चौकशी होते. भाव विचारताना तो होडीचा की माणशी, आणि तास किती, हे दोन्ही विचारा. इंजिनाच्या होडीपेक्षा वल्ह्याची घ्या. तिचा वेग कालव्याला साजेसा असतो, लाटेने काठ खचत नाहीत आणि नावाडी बोलू लागला तर ऐकू येतं. बसताना एकेकाने, होडीच्या मध्यावर पाय ठेवून, त्याचा हात धरून बसायचं. एकदा बसल्यावर जागा बदलायची नाही.

तास-दीड तास फिरून झाल्यावर होडी थांबवायला सांगा आणि बांधावर चढा. माझ्या मते अख्ख्या दिवसात पाहण्यासारखं जर काही असेल तर ते हे. बांधावर उभं राहिलं की एका हाताला कालवा, त्यातून जाणाऱ्या होडीतल्या माणसाचं डोकं तुमच्या गुडघ्यांच्या उंचीवर. दुसऱ्या हाताला भाताचं शेत, आणि ते कालव्यातल्या पाण्यापेक्षाही खाली. कुट्टनाडची बरीच शेती समुद्रसपाटीच्या खाली आहे, काही ठिकाणी दोन मीटरपर्यंत. तलावाचा उथळ भाग बांध घालून वेगळा करायचा, आतलं पाणी उपसून काढायचं आणि उघड्या पडलेल्या गाळात भात पेरायचं, असं पिढ्यान् पिढ्या चालत आलं आहे. १९४०च्या दशकात जोसेफ मुरिक्कन या शेतकऱ्याने चित्तिरा, मार्तांडम आणि राणी ही तीन प्रचंड शेतं अशीच वेंबनाडातून उभी केली. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि कृषी संघटनेने २०१३ साली कुट्टनाडच्या या शेतीला जागतिक महत्त्वाचा कृषी वारसा म्हणून मान्यता दिली. गोव्यातली खाजणं आणि त्यांच्या मानशी पाहिलेल्या माणसाला यातलं तत्त्व लगेच कळेल. फक्त खाजणात भरती-ओहोटीच्या हिशेबाने दारं उघडमिट होतात, तर इथे पाणी उपसावंच लागतं.

बांधावरून थोडं चाललात की पंपाची खोली लागते. तिथे ‘पेट्टी-परा’ नावाचं यंत्र असतं. लाकडी बनावटीचं, शेतातलं पाणी उचलून कालव्यात फेकणारं. विजेच्या आधी हेच काम माणसं पायांनी चक्रं फिरवून करत. एका बांधाच्या आतली सगळी शेतं मिळून ‘पाडशेखरम’ होतं आणि उपसा सगळ्यांचा मिळून चालतो, कारण एकाचं शेत कोरडं आणि शेजारच्याचं बुडालेलं, असं इथे होऊच शकत नाही. बांध एका जागी फुटला तर सगळ्यांचं पीक जातं. २०१८ च्या पुरात जवळजवळ अख्खं कुट्टनाड रिकामं करून लोकांना हलवावं लागलं होतं. नावाड्याला त्याबद्दल विचारलंत तर पाणी घरात कुठवर आलं होतं ते तो हाताने दाखवेल.

मुख्य पीक ‘पुंचा’ ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या सुमाराला पेरतात आणि फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये कापतात. म्हणून जानेवारीत हिरवं, मार्चमध्ये पिवळं, आणि कापणी झाल्यावर त्याच शेतांत बदकांचे प्रचंड कळप सोडलेले दिसतात. डिसेंबर ते साधारण मार्च-एप्रिल तण्णीरमुक्कमचा बंधारा मिटलेला असतो. समुद्राचं खारं पाणी भाताकडे येऊ नये म्हणून तो बांधला आहे. त्याने भात वाचतं, पण पाणी साचून राहतं आणि जलपर्णी माजते. एखादा कालवा पूर्ण हिरवा झालेला दिसला आणि नावाडी तिकडे न्यायला नाही म्हणाला, तर तो टाळाटाळ करत नाही, हे लक्षात असू द्या.

कालव्याच्या दोन्ही काठांना घरं आहेत आणि प्रत्येक घराला पाण्यात उतरणाऱ्या पायऱ्या. तिथे भांडी घासली जातात, कपडे धुतले जातात, मासे साफ होतात, अंघोळीही होतात. आपण त्यांच्या मागच्या दारातून जात असतो, तेव्हा कॅमेरा खाली ठेवावा. हात हलवून हसलात तर समोरूनही हसू येतं. मग विचारून फोटो काढायला हरकत नाही. प्लास्टिक पाण्यात टाकायचं नाही हे सांगायची खरं तर गरज नसावी. चोहीकडे पाणी असूनही पिण्याचं पाणी इथे दुर्मीळ आहे आणि ते बाहेरून आणावं लागतं. म्हणून आपल्या बाटल्या आपण न्याव्यात, यजमानांच्या घागरीवर भार टाकू नये.

जेवण गावातच घ्या. माशांत करीमीन इथला मानाचा. मसाला लावून, केळीच्या पानात गुंडाळून तव्यावर भाजतात. माशाच्या कालवणाला आंबटपणा येतो तो कुडंपुळीने, आणि ती आपल्या कोकमाच्याच कुळातली. भात जाड, लालसर आणि उकडा. कोकणात, गोव्यात वाढलेल्यांना तो लगेच आवडेल, बासमतीवर वाढलेल्यांना दोन घास जड जाईल. जेवणाबरोबर जिरं घालून उकळलेलं कोमट पाणी देतात, ते बिनधास्त प्या. शाकाहारी असाल तर आदल्या दिवशीच कळवा आणि अंडं व सुकट या दोन्हींचा उल्लेख करून ‘नको’ म्हणा. अवियल, तोरन, सांबार, ताक असं साधं पण पोटभर जेवण मिळतं. ताडीच्या दुकानांतलं जेवण झणझणीत आणि फार चविष्ट असतं. कुटुंबासाठी वेगळी बसायची सोय आहे का ते आधी बघून घ्या.

सुरक्षेच्या बाबतीत मात्र कुणाचंही ऐकू नका. ७ मे २०२३ रोजी केरळातल्याच तानूरला पर्यटकांची बोट उलटून २२ माणसं गेली, त्यांत कितीतरी लहान मुलं होती. होडी कितीही छोटी आणि पाणी कितीही शांत दिसो, लाइफ जॅकेट अंगावर घालून पट्टे आवळायचे. मुलांच्या मापाचं जॅकेट आहे का ते चढण्याआधी विचारा. नसेल तर होडी बदला. जास्त माणसं कोंबली जात असतील तर उतरून पुढची घ्या. जून ते ऑगस्ट पाऊस जोरात असतो आणि हवामान खात्याचा इशारा आला की जिल्हा प्रशासन बोटी बंद करतं. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये दुपारनंतर विजांसह पाऊस येतो, त्या महिन्यांत दोनच्या आत पाण्यावरून काठावर या. पावसाळ्यात पायाला जखम असेल तर शेतातल्या किंवा कालव्याच्या पाण्यात पाय घालू नका. लेप्टोस्पायरोसिसचे रुग्ण या भागात निघतात. ऑगस्टमध्ये पुन्नमड्यावर नेहरू ट्रॉफीच्या नौकाशर्यती होतात. १९५२ साली नेहरू इथे आले, तेव्हापासूनची ही स्पर्धा. दुसरा शनिवार ही जुनी वहिवाट होती, अलीकडे तारीख हललेली आहे. शर्यत पाहायची असेल तर त्यासाठीच वेगळे या. गाव पाहायचं असेल तर तो दिवस टाळा, कारण शहरात गाडी हलत नाही.

दुपारी अडीच-तीनच्या सुमाराला पुढच्या बोटीने किंवा होडीवाल्याशी आधी ठरवून त्याच्याच होडीने नेडुमुडीला पोचा. गाडी तिथे असेल. हाताशी तास उरला असेल तर चंपक्कुलम जवळ आहे. पंबेच्या काठचं तिथलं मेरी मातेचं चर्च फार जुनं. परंपरेने त्याची स्थापना इसवी सन ४२७ मधली मानतात. अंबलप्पुळाच्या कृष्णमंदिरात बसवण्यासाठी नेत असलेली मूर्ती वाटेत याच गावात एका ख्रिस्ती घरी रात्रभर ठेवली होती, अशी कथा आहे. चंपक्कुलमची मूलम नौकाशर्यत त्याच प्रवासाच्या स्मरणार्थ भरते. खुद्द अंबलप्पुळा आणि तिथलं प्रसिद्ध पालपायसम मात्र या दिवसात बसवू नका. ते दुपारच्या पूजेनंतर मिळतं आणि लवकर संपतं, म्हणजे त्यासाठी नेमकी होडीची वेळ सोडावी लागते. कुमरकोम आणि अलेप्पीचा समुद्रकिनाराही असेच सोडून द्या. वाचनाची आवड असेल तर तकळी शिवशंकर पिळ्ळै यांचं तकळी गावातलं घर तेवढं पाहा. १९८४ चं ज्ञानपीठ मिळालेल्या या लेखकाने याच शेतांवर राबणाऱ्या माणसांवर लिहिलं आहे. पण मग चंपक्कुलम सोडा. दोन्ही एका दुपारी होत नाहीत.

चार-साडेचारला परतीला लागा. कळरकोडहून अलेप्पीचा बायपास धरला की शहरात शिरावं लागत नाही. वाटेत एकदा चहाला थांबा, ड्रायव्हरबरोबरच प्या. कोचीत साडेसहा-सातपर्यंत पोचाल. त्या रात्रीचं विमान असेल तर विमानतळापर्यंतचा आणखी दीड तास धरा आणि दहाच्या आधीचं उड्डाण घेऊच नका. पैसे देताना किलोमीटरचा आकडा सकाळी काढलेल्या फोटोशी ताडून पाहा. टोल आणि पार्किंगच्या पावत्या बघून घ्या आणि भत्ता त्याच्या हातात द्या. कंपनीमार्फत दिला असेल तर तो त्याला मिळतो का, हेही विचारा. ठरल्यापेक्षा तास जास्त झाले असतील तर जादा पैसे मागायची वेळ त्याच्यावर आणू नका.